मुकी ओळ

एका राज्यात राजा दमला होता, प्रधान दमला होता, बैल दमले होते आणि ज्या जमिनीवर हे सगळे उभे होते ती जमीनही दमली होती. सांगणारा मी, मीही काही ताजातवाना नाही. पण सांगायला बसलोच आहे, तर मुळापासून सांगतो.

राजाचं नाव उदयभान. त्याच्या तरुणपणी राज्यात लागोपाठ तीन वर्षं पीक बुडालं. राणी चंपावती आपल्या ताटातलं उचलून दारी आलेल्यांना वाढत राहिली. तिसऱ्या वर्षी, सुगीला महिना उरला असताना, ती गेली. राजवाड्यात राहणारी राणी भुकेनं गेली. तिच्या चितेसमोर उदयभानानं शपथ घेतली की यापुढं माझ्या राज्यात कुणी उपाशी निजणार नाही. शपथ चांगली होती, तिच्यात खोट काढायला जागा नाही. पुढं जे झालं ते घाईनं झालं.

राणीनं मात्र राजाची साथ सोडली नाही. दुपारी जेवून राजा घटकाभर आडवा झाला की ती स्वप्नात येई, उशाशी बसे आणि एकच विचारी, "जेवलात का?" राजा हो म्हणे. ती हसे आणि निघून जाई. राजाच्या सगळ्या दिवसात तेवढीच एक घटका सुखाची असे, आणि तिच्या आशेवर तो बाकीचा दिवस ओढी.

वर्षाच्या आत जांभळ्या टेकडीवरचा मांत्रिक धूम्रनाथ दरबारात आला. त्याचे डोळे लाल होते आणि पापण्या सुजलेल्या. कुठल्याशा जुन्या शापानं त्याची झोप नेली होती आणि तीनशे वर्षं त्याचा डोळा लागला नव्हता. तो म्हणाला, या राज्यात मी दसपट धान्य पिकवून देतो. राजानं विचारलं, मोबदला काय घेशील? धूम्रनाथ म्हणाला, "जमिनीची झोप." दरबार हसला. राजालाही वाटलं, जमिनीला झोप हवी कशाला? त्यानं हातावर पाणी सोडलं आणि झोप देऊन टाकली.

पण त्या राज्याची एक रीत होती. पेरणीला बैलांची पाभर चाले आणि पाभरीमागं दोरीनं बांधलेली बांबूची पोकळ नळी असे, तिला मोघा म्हणत. सहा ओळी ज्वारीच्या जात, तेव्हा गाणी चालत, थट्टा चाले, बैलांना हाका पडत. सातवी ओळ तुरीची. ती पाभरीमागची बाई आपल्या ओटीतून दाणे काढून मोघ्यातून सोडी, आणि ओळ संपेपर्यंत शेतातलं कुणी अवाक्षर काढत नसे. निजलेल्या लेकराजवळ बोलू नये, तसं. त्या ओळीखाली जमीन झोपायची. तिला सगळे मुकी ओळ म्हणत.

धूम्रनाथानं नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. राजालाही पटलं की सातव्या हिश्श्याची जमीन डाळीपायी उगाच अडकते. हुकूम सुटला: सातही ओळी ज्वारीच्या पेरा, एक पीक निघालं की लगेच दुसरं घाला, आणि तुरीचा दाणा ज्याच्या घरी सापडेल त्यानं राज्य सोडावं. मग धूम्रनाथ झोप खांद्यावर टाकून टेकडीवर गेला आणि निजला.

बारा वर्षं दसपट पिकलं, त्यात खोटं नाही. जमिनीत खणलेली पेवं तोंडापर्यंत भरली, नवी खणली, तीही भरली. लोक पोटभर जेवले आणि राजाला दुवा देत राहिले. तेराव्या वर्षी नांगर घातला तेव्हा जमिनीनं जांभई दिली. ती सगळ्यांनी ऐकली. त्या सुगीला पायलीभर पेरलं तिथं पायलीभरच आलं, पुढच्या वर्षीही तेवढंच. पेरावं तर खायचं काय, आणि खावं तर पेरायचं काय? माणसं सकाळी उंबऱ्यावर बसत ती तिथंच बसून राहत. बैल जू मानेवर घेऊन उघड्या डोळ्यांनी उभे राहत. ज्या जमिनीला झोप नाही तिच्यावर अंग टाकून कुणाला विसावा मिळणार? राजाचा बिछाना साखळ्यांच्या झोपाळ्यावर होता, जमिनीला टेकत नव्हता, म्हणून त्याला तेवढी झोप लागे.

पाच वर्षं सगळ्यांनी पेवांतलं खाल्लं. शेवटी एकच पेव उरलं. प्रधान त्र्यंबकपंत म्हणाले, वाटलं तर तीन महिने पुरेल, पेरलं तर तेवढंच परत येईल. पेरणीला पंधरवडा उरला होता.  राजा कुणाला काही न सांगता एकटाच शेतांकडं चालू लागला.

बांधाशी एक टिटवी उभी होती. ती माणसासारखं बोलत असे.

"राजा, तुझा पाय माझ्या अंड्यांवर पडतो आहे."

राजा मागं सरला.

"सतरा वर्षं झाली, माझी पिल्लं या ढेकळांत सुखानं निजली नाहीत."

"चूक माझी आहे. उपाय सांग."

टिटवीनं तीन कामं सांगितली. पहिलं, तुरीचं बी शोधायचं. दुसरं, धूम्रनाथाकडून जमिनीची झोप परत आणायची. तिसरं, मुकी ओळ पेरून ती झोप तिच्यात घालायची. पेरताना तोंडातून एक शब्द निघाला तर झोप उडून जाईल आणि पुन्हा येणार नाही.

राजा म्हणाला, "प्रधानांना पाठवतो."

"हुकूम प्रधानांनी दिला होता का?"

राजानं पायांतले जोडे काढून बांधावर ठेवले आणि तो टिटवीमागं निघाला. वय पन्नाशीला टेकलेलं, गुडघे कुरकुरत होते.

सहा दिवस त्यानं गावं पालथी घातली. तूर म्हटलं की लोक दारं लावून घेत, कारण विचारणारा राजा होता. सातव्या दिवशी टिटवी एका गोठ्यावर जाऊन बसली. तिथं धुरपा नावाची बाई राहत होती. तरुणपणी चार गावांत मुकी ओळ तिच्या हातची असे, आता केस पांढरे झाले होते. गोठ्यामागच्या फुटक्या रांजणात तुरीची चार झाडं वाळून उभी होती. राजाला पाहून ती घाबरली नाही. घाबरण्याचाही तिला कंटाळा आला असावा.

ती म्हणाली, "दर साली चार झाडं लावली, म्हाराज. चार झाडांचं बी राखंत घालून भोपळ्यात ठिवलं. खाल्लं न्हाई. घालवा आता राज्याभाईर."

राजानं हात जोडले आणि बी मागितलं.

धुरपानं त्याच्या भेगाळलेल्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाली, "हुकूम तुमचा व्हता, पर मोडायला हात आमचं लागलं. ती ओळ मोडताना मी लई रडले. तुमी सोता पेरनार आसाल तर भोपळा न्या. दुसऱ्याच्या हातात देनार न्हाई."

राजानं कबूल केलं. पहिलं काम झालं.

जांभळी टेकडी तीन दिवसांच्या वाटेवर होती. वाटेत राजा दुपारी एका झाडाच्या आडव्या फांदीवर निजे, आणि राणी येऊन विचारी, जेवलात का. तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळ खायला काही उरलं नव्हतं, तरी तो हो म्हणाला. राणीच्या कपाळाला आठी पडली आणि ती न हसताच निघून गेली.

गुहेत धूम्रनाथ घोरत होता. त्याच्या उशाला काळ्या घोंगडीची घडी होती आणि तिला ओल्या मातीचा वास येत होता. जमिनीची झोप ती हीच. राजानं हाका मारल्या, हलवलं, पाणी शिंपडलं. शेवटी टिटवी त्याच्या कानाशी जाऊन अशी ओरडली की धूम्रनाथ उठूनच बसला.

"कोण?"

"उदयभान. झोप परत दे."

"पीक दिलं नाही का मी?"

"दिलंस. बारा वर्षं."

"किती वर्षं देशील, हे तू विचारलंच नव्हतंस."

राजाला ते मान्य करावं लागलं. धूम्रनाथानं घोंगडी छातीशी धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, तीनशे वर्षं जागं राहणं काय असतं ते तुला ठाऊक नाही. मी दुष्ट नव्हतो, फक्त दमलो होतो. ही मी सोडीन, पण रिकाम्या उशीनं राहणार नाही. हिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी झोप दे.

राजा ओळखून चुकला. राज्यात झोप उरली होती ती त्याच्या एकट्याची.

"एकदा दिली की परत मिळेल का?"

"नाही."

राजा गुहेच्या तोंडाशी जाऊन बसला. त्याला फार वाईट वाटलं. राज्य गेलं असतं तर इतकं वाटलं नसतं. राणी आता कुठं येऊन बसणार? तिला निरोप द्यायलाही झोपच लागते, आणि निरोपापुरतं निजलो तर पुन्हा उठून नाही म्हणेन, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो निजला नाही. तसाच आत आला आणि म्हणाला, "घे."

धूम्रनाथानं राजाच्या पापण्यांवरून हात फिरवला. एक तलम पांढरा पदर त्याच्या हाती आला. तो त्यानं उशाशी घेतला आणि लगेच घोरू लागला. दुसरं काम झालं.

ती घोंगडी जिथं ठेवावी तिथलीच जमीन झोपून जायची, म्हणून तीन दिवस राजानं ती खाली टेकवली नाही. खांदा सोलून निघाला. राजधानीजवळच्या पहिल्याच शेतात धुरपानं पाभर जुंपून ठेवली होती. बी ओटीत घ्यायचं, तर राजानं आपलं उपरणं कमरेला बांधून ओटी केली. भोपळ्यातली तूर राख झटकून तिच्यात ओतली. धुरपानं बैलांची दोरी धरली. सहा ओळी रिकाम्याच ओढल्या, कारण ज्वारी पेरायचा हुकूम अजून कुठं झाला होता? सातव्या ओळीला राजानं मोघा धरला आणि तोंड मिटलं.

एक दाणा आणि घोंगडीचा एक धागा, असं तो सोडत गेला. धागा मातीत पडला की माती हलकेच खाली बसे. बैलांचेही डोळे निवत होते. निम्मी ओळ झाली तेव्हा त्र्यंबकपंत धावत आले. त्यांच्यामागं गावची माणसं होती, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या.

"महाराज, शेवटचं पेव उघडलं आहे. लोक थांबत नाहीत. धान्य वाटू की पेरू? एक शब्द सांगा, म्हणजे झालं."

राजाचे ओठ हलले. समोर उपाशी माणसं उभी होती आणि त्यानं चितेसमोर शपथ घेतलेली होती. वाटा म्हणायला किती वेळ लागतो? धुरपानं मागं वळून पाहिलं. तीही बोलू शकत नव्हती, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

राजानं ओठ दातांखाली दाबले, इतके की रक्त आलं. मग ओटीत हात घातला, मूठभर तूर काढली, त्र्यंबकपंतांच्या तळहातावर ठेवली आणि पुढच्या रानाकडं बोट दाखवलं. त्या क्षणी त्याची शपथ मोडली. सुगीपर्यंत राज्यात सगळेच अर्धपोटी निजणार होते, आणि ते त्याच्या हुकमानं.

त्र्यंबकपंत हातातल्या दाण्यांकडं पाहत राहिले. मग त्यांनी जोडे काढले. मागच्या बायांमधल्या म्हाताऱ्यांना रीत आठवत होती. त्यांनी पदराच्या ओट्या केल्या, राजाजवळून चार चार दाणे आणि घोंगडीचे धागे घेतले, आणि कुणी काही न बोलता आपापल्या शेताकडं गेल्या. धागे सगळ्यांना पुरले. पहिली ओळ संपली तेव्हा जमिनीनं एक लांब श्वास सोडला आणि ती झोपली. तिसरं काम झालं.

मग पेवातली निम्मी ज्वारी पेरली आणि निम्मीची पेज करून सगळे प्याले, राजाही तीच प्याला. ते चार महिने कसे गेले हे विचारू नका. पण गेले, आणि पेजेवरही लोकांना रात्री गाढ झोप लागत होती. सुगीला पायलीची चाळीस पायली ज्वारी आली. पुढं थंडी सरता सरता तूर शेंगांनी वाकली. बहुतेक शेतांत झाडं चार चारच होती, पण बियाण्याला आणि एकेका वरणाला पुरली.  हुकूम मागं घेतला गेला, मुकी ओळ परत आली.

राजाला मात्र झोप आली नाही. तो दिवसा न्याय करी आणि सूर्य मावळला की काठी घेऊन पिकांची राखण करी. लोक त्याला राज्याचा जागल्या म्हणू लागले. तो फार दमे. दुपारच्या त्या घटकेला तो सवयीनं बांधावरच्या बाभळीखाली बसे आणि उघड्या डोळ्यांनी वाट पाही. कुणी येत नसे.

तूर निघाली त्या दुपारीही तो तसाच बसला होता. धुरपा शेतातून डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत भाकरी होती आणि गाडग्यात नव्या तुरीचं घट्ट वरण. ती त्याच्या उशाशी बसावी तशी बाजूला टेकली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "जेवलात का, म्हाराज?"

राजानं तिच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं तो याला हो म्हणत आला होता.

"नाही," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.  धुरपानं भाकरी मोडून त्याच्यासमोर ठेवली, वरण वाढलं, आणि तो जेवेपर्यंत ती तिथंच गप्प बसून राहिली.

असा तो राजा जागा राहिला आणि त्याचं राज्य पोटभर जेवून निजू लागलं. सांगून मीही दमलो. तुमच्या ताटातलं वरण निवत चाललं आहे, ते आधी खाऊन घ्या.