बाकावरचं गिऱ्हाईक

मिरजेतली आप्पासाहेब शिंत्र्यांची खानावळ तुपासाठी नावाजलेली होती. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच माधवराव लेकीला, शर्वरीला, तिथे जेवायला घेऊन आले. पण तिनं दूध-तूप सोडलं होतं. दारातली पाटी वाचून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवून या. मी बाकावर बसते."

माधवराव गल्ल्यापाशी गेले. "दूध-तूप नसलेले दोन पदार्थ पाटीवर घालाल का?"

आप्पासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इतक्या वर्षांत एकाही जेवणाऱ्यानं असलं काही मागितलेलं नाही."

"जेवणारे कशाला मागतील?" माधवराव शांतपणे म्हणाले. "ज्यांना हवं असतं, ते पाटी वाचून दारातूनच परततात. त्यातलीच एक बाहेर बसलीय. माझी मुलगी आहे."

आप्पासाहेबांनी खिडकीतून पाहिलं. मग ते स्वतः उठून बाहेर गेले.

"आत ये, बाळ. भरलं वांगं तेलातलंच आहे. भाकरीला तूप लावत नाही. चालेल ना?"

आत येण्याआधी त्यांनी खडूनं पाटीवर तेवढं लिहूनही टाकलं.

शर्वरी वडिलांसमोर बसली. वाढपी तुपाची वाटी घेऊन आला, तेव्हा माधवरावांनीही ताटावर हात आडवा धरला.