दोन्ही हातांनी

एकदा एक सून सासरी गेली, ती थेट समुद्रापार. ही मिरजेची मयूरा. नवरा एन्देबेले जमातीचा, आणि सासर झिम्बाब्वेतल्या बुलावायोजवळच्या एका खेड्यात. पोरगी मोठी चलाख! गावातल्या वृद्ध म्लिलो गुरुजींकडे तिने भाषेचे धडे सुरू केले आणि क्रियापदं भराभर घोटून टाकली. क्रियाविशेषणांचा पाठ आला तेव्हा मात्र म्हणाली, "गुरुजी, ही नक्षी नंतर. आधी बोलता तर येऊ दे." गुरुजी नुसते हसले.

पुढे एके दिवशी सासूबाईंनी पाहुण्यांदेखत दह्यासारख्या घट्ट आंबट दुधाचा वाडगा तिच्यापुढे केला. मयूराने माहेरच्या वळणाप्रमाणे तो उजव्या हाताने घेतला, वर "घेते" असं शुद्ध एन्देबेलेत म्हणालीही. सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हापासून त्या वाडगा हातात न देता चटईवर ठेवू लागल्या. ज्या माउलीचं मन जिंकायला एवढा खटाटोप केला, तीच दुरावली. आणि का, ते कोणी सांगेना. मयूराला रडू आवरेना.

ती गुरुजींकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि दुधाचा वाडगा पुढे धरला. तिने उजव्या हाताने धरला, तर म्हातारा सोडेचना! तिने ओढून पाहिला, तरी नाही. "अहो, द्या ना आता!" म्हणत वैतागून तिने डावा हातही लावला, तेव्हा कुठे गुरुजींनी वाडगा सोडला.

"मुली," ते म्हणाले, "'इझांडला' म्हणजे हात. त्याच्या आधी 'न्गा' जोडला की होतं 'न्गेझांडला', म्हणजे हातांनी. 'ह्ले' म्हणजे चांगलं, त्याच्या आधी 'कु' आला की 'कुह्ले', चांगल्या रीतीने. तूच सांगितलंस, तुम्ही शेवटी 'ने', 'नी' लावता; आम्ही सुरुवातीला जोडतो, एवढाच फरक. क्रियापद सांगतं काय केलं. हे शब्द सांगतात कोणत्या भावाने केलं. आमच्याकडे एका हाताने घेणं म्हणजे, देणाऱ्याची किंमत नाही."

"पण आमच्याकडे उजव्या हातानेच घेणं म्हणजे मान हो!" मयूरा कळवळून म्हणाली.

"असं होय?" गुरुजी विचारात पडले. "मग हे तुझ्या सासूच्याही कानावर घालायला हवं. मी आजच घालतो."

दुसऱ्या दिवशी मयूराने शेंगदाण्याचे लाडू वळले. दोन्ही हातांनी ताटली धरून ती सासूबाईंपुढे वाकली. सासूबाईंचे दोन्ही हात सवयीने पुढे आले, मध्येच थबकले. मग त्यांनी डावा हात लगबगीने पदरासारख्या पांघरलेल्या शालीत लपवला, आणि एकट्या उजव्या हाताने लाडू उचलून विचारलं, "असंच ना गं?"