कापसावरची भैरवी

“हेड शेवटचं कधी पुसलंस?”

मास्तरांनी हे रागानं विचारलं की सहज, ते मला आता नक्की सांगता येत नाही. कदाचित त्यांनी विचारलंही नसेल, आणि इतक्या वर्षांत मीच तो प्रश्न रचला असेल. तेहतीस वर्षं झाली. माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास नाही; वाचणाऱ्यानंही तो बेतानंच ठेवावा.

उत्तर मात्र मी दिलं होतं.

“पुसलं नाही, मास्तर.”

“दोन वर्षांत?”

बेंजामिन हिवाळे मास्तर नगरला एका खोलीत एकटे राहत. हवाइयन गिटार वाजवत. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातला पोलादी रूळ तारांवरून सरकवायचा. तीस वर्षं ते ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवत आले. भैरवी वाजवायची ती फक्त घरी, दार लावून.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. इंग्लंडहून पीएच.डी. घेऊन आलो होतो, आणि येताना चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणला होता. गावात तसा दुसरा नव्हता, हे मी लोकांना सांगत असे.

माझ्या घरच्या मागच्या खोलीत, भिंतींवर गोधड्या टांगून, मी मास्तरांची भैरवी रेकॉर्ड केली. अकरा मिनिटं. पहिल्या ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर तंबोरा. तिसऱ्यावर नुसता इको, मास्तरांच्या जुन्या इको मशीनमधून घेतलेला. चौथा ट्रॅक रिकामा राहिला.

तीन महिन्यांनी अर्धांगवायूनं मास्तरांचा डावा हात गेला. ओठाचा एक कोपराही खाली आला.

त्यानंतर मास्तरांचं वाजवणं म्हणजे ती अकरा मिनिटं, एवढंच उरलं.

त्यात एक जागा होती. धैवतावरून पंचमावर येताना रूळ मध्येच थांबल्यासारखा व्हायचा. आता सूर तुटणार असं वाटायचं, आणि तो तुटायचा नाही. चार सेकंद. ही जागा मी दुसऱ्या कुणाकडे कधी ऐकली नाही. मास्तरांना ती आता वाजवता येणार नव्हती. मला यायला हवी होती, नाहीतर ती संपली.

म्हणून मी ती कॅसेटवरून शिकत होतो. ऐकायची, वाजवायची. फीत मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची.

आणि त्या दिवशी मी मशीन रिक्षात घालून मास्तरांकडे नेलं होतं.

“मशीन बिघडलंय. त्या जागेवर आला की आवाज बसतो,” मी म्हणालो.

“बाकी ठीक?”

“बाकी ठीक.”

“फक्त तेवढ्यावरच बसतो?”

“फक्त तेवढ्यावरच.”

“मोठं जाणतं मशीन आहे,” मास्तर म्हणाले.

त्यांनी आगपेटीतली काडी काढली. एका हातानं तिच्यावर कापूस गुंडाळता येईना. मी पुढे झालो, तर म्हणाले, “राहू दे.” काडी दातांत धरून त्यांनी कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि फीत जिथून घासत जाते त्या हेडवरून हलकेच फिरवला.

कापूस तपकिरी झाला.

दुसरा कापूस. तोही तपकिरी.

तिसरा जरा कमी.

“लाव आता.”

मी कॅसेट लावली. भैरवी सुरू झाली, तंबोऱ्यासकट, स्वच्छ. ती जागा आली... आणि आवाज पाण्याखाली गेल्यासारखा झाला. मग पुन्हा वर आला.

“मशीनला काही झालेलं नाही,” मास्तर म्हणाले.

“मग आवाज कुठे गेला?”

त्यांनी पहिली काडी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“हा घे.”

मी बघत राहिलो.

“फितीला लेप असतो ना, डॉक्टर? आवाज त्यातच. घासून घासून तू तो हेडवर आणलास. किती वेळा ऐकलीस एवढी एक जागा?”

मी मनात हिशेब केला. दिवसाला चाळीस वेळा, सुमारे सातशे दिवस.

“साधारण अठ्ठावीस हजार वेळा.”

“साधारण? संख्याशास्त्राचा ना तू?”

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

“दुसरी कॅसेट? कॉपी काढून ठेवली असशील. शहाणी माणसं मूळ कपाटात ठेवतात आणि कॉपी झिजवतात.”

“नाही काढली.”

“का?”

“कॉपीत खरखर वाढते. वरचे सूर बोथट होतात. तुमचं वाजवणं तसं ऐकायला...” मी थांबलो. पण वाक्य पुरं करणं भाग होतं. “मला मूळच हवं होतं.”

मास्तरांनी मान हलवली. जणू मी परीक्षेत बरोबर उत्तर दिलं होतं.

मग मला एक युक्ती सुचली. अजून आठवतं, मी अक्षरशः उठून उभा राहिलो.

“मास्तर, तिसरा ट्रॅक! तिथे नुसता इको आहे. मूळ बसलं असेल, पण इको उरला असेल. त्यावरून मूळ काय होतं ते काढता येईल.”

“ऐक की.”

मी पहिले दोन ट्रॅक बंद केले. नुसता इको लागला. शेजारच्या घरात कुणी वाजवतंय आणि मध्ये भिंत आहे, असा. ती जागा आली, आणि शेजारचा माणूसही वाजवायचा थांबला.

“फीत एकच आहे रे,” मास्तर म्हणाले. “चारी ट्रॅक तिच्यावरच.”

हे मला माहीत नव्हतं असं नाही.

कापूस माझ्या हातात वाळला होता.

“जाऊ दे टेप,” ते म्हणाले. “तुला येते का ती जागा?”

“येते.”

मी हे ठामपणे म्हणालो. दुसरं काहीच माझ्याजवळ उरलं नव्हतं.

“वाजव.”

त्यांची गिटार खाटेवर चादरीखाली होती. ती मांडीवर घेतली, स्वर जुळवले, आणि धैवतावरून निघालो. रूळ थांबल्यासारखा झाला. पंचमावर आलो.

“पुन्हा.”

पुन्हा वाजवली.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा वाजवून मी वर पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटले होते.

“चांगली उतरवलीस,” ते म्हणाले.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

“टेप चांगली उतरवलीस. मध्ये आवाज बसतो, तोसुद्धा.”

मला समजलं नाही. म्हणून मी पुन्हा वाजवली, या वेळी स्वतःचं ऐकत. सूर तुटेल असं वाटतं आणि तुटत नाही, नेमक्या त्याच ठिकाणी माझा रूळ तारेवरून किंचित उचलला जात होता. आवाज खाली जाऊन वर येत होता. फीत रोज थोडी झिजली. मी रोज तिच्याबरहुकूम वाजवत गेलो.

“मी असं वाजवत नव्हतो,” मास्तर म्हणाले.

“मग कसं?”

त्यांनी मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा तो तिथे पडलेला होता.

“मास्तर, तोंडानं म्हणा. फक्त तेवढंच.”

“या तोंडानं?”

“कसंही म्हणा.”

मला वाटलं, नाही म्हणणार. मग त्यांनी घसा साफ केला, मान जराशी उजवीकडे वळवली...

मी मशीनसोबत आणलेला माइक पुढे ओढला. चौथा ट्रॅक रिकामा होताच. रेकॉर्डचं बटण दाबलं, सोबत पॉजही दाबून धरला. आधी मीटरवर आवाजाची लेव्हल बघायची, मग फीत सोडायची, अशी माझी पद्धत होती. इंग्लंडात तसंच शिकवलं होतं.

मीटरची सुई हलली. जेमतेम पाव घरापर्यंत. मी बटण फिरवलं. सुई थोडी वर आली. आणखी फिरवलं.

सुई खाली गेली आणि तिथेच राहिली.

मास्तर थांबले होते.

त्यांनी काय म्हटलं, ते मी ऐकलं का? हा प्रश्न मी स्वतःला रात्रंदिवस विचारला आहे. खोलीत मी होतो. हातभर अंतरावर होतो. कान शाबूत होते. पण आठवायला गेलं की मला दिसते ती सुई.

मी पॉज सोडला. फीत फिरू लागली.

“पुन्हा एकदा, मास्तर. लेव्हल कमी होती.”

ते काहीतरी म्हणाले. दमले की त्यांचे शब्द ओठाच्या त्या कोपऱ्यातून घसरत. मला कळलं नाही, आणि काय म्हणालात असं विचारायची लाज वाटली. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी मशीन बंद केलं, वायर गुंडाळली.

पुढे दोनदा गेलो. त्यांनी चहा दिला, कॉलेजची चौकशी केली. त्या जागेबद्दल मी विचारलं नाही. मे महिन्यात ते गेले.

गिटार मला दिली होती. मी ती वाजवत नाही.

एकवीस वर्षांनी, २०१२ साली, पुण्यात जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणाऱ्या एका बाईंकडे मी ती कॅसेट दिली. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“काका, चौथ्या ट्रॅकवर थोडं काही आहे.”

मी मिळेल त्या गाडीनं गेलो. कानांवर हेडफोन लावले.

गुणगुणणं नव्हतं. पॉज दाबलेला असला की सुई हलते, फीत हलत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आधी माझा आवाज होता, मोठा आणि घाईचा. पुन्हा एकदा, मास्तर. लेव्हल कमी होती. मग खाट करकरली. मग मास्तर. शब्द कुठेही घसरलेले नव्हते. बाईंनी ते मला तीनदा ऐकवले, आणि तिन्ही वेळा तेच होते :

“सुई हलली ना, डॉक्टर? मग तिला विचार.”