भट्टीमागची भिंत

एका घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात येसाक्का नावाची एक भडभुंजीण राहायची. चुरमुरे, फुटाणे, लाह्या भाजून विकायची. बोलायला फटकळ, पण हात सढळ. पोराटोरांच्या मुठीत चार फुटाणे नेहमी जास्तच पडायचे.

या गावाची एक रीत होती. वाटसरू अडकून पडले, की ज्याच्या घरी जागा असेल त्यानं उंबऱ्याबाहेर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचा. तांब्या दिसला, की खुशाल आत शिरावं. कोण, कुठला, कुणी विचारायचं नाही.

सात वर्षांपूर्वी भादव्यात घाटात दरड कोसळली. दोन-अडीचशे माणसं गावात अडकली. पाऊस असा, की हातभरावरचं दिसेना. घराघरापुढे तांब्ये आले. फक्त येसाक्काच्या दारात तांब्या नव्हता.

तिला तरी काय म्हणावं! आदल्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं तापानं फणफणलेला एक वाटसरू घरात घेतला होता. वाटसरू बरा होऊन आपल्या वाटेनं गेला, आणि नवरा त्याच तापानं गेला. तेव्हापासून बाईनं धसकाच घेतला होता.

दिवेलागणीला तिचं दार वाजलं. "अहो बाई, लेकरू भिजलंय माझं. अंगात ताप आहे. जरा टेकू द्या."

ताप म्हटल्याबरोबर येसाक्काला नवरा आठवला. तीनदा ती उठली, तीनदा तिनं कडीला हात घातला आणि तीनदा मागं फिरली. मग स्वतःलाच हुडहुडी भरली म्हणून भट्टीत दोन ओंडके सारले आणि कानावरून गोधडी ओढून पडून राहिली.

सकाळी पाटलांनी तिच्या पडवीतून एक बाई लेकराला घेऊन निघताना पाहिली. त्यांना वाटलं, घरातूनच आली. झालं! "आपल्या गावात एक घर मागं राहिलं नाही," असं पाटील भेटेल त्याला सांगत सुटले. येसाक्का गप्प राहिली. पण ते लेकरू जगलं की गेलं, या विचारानं तिला सात वर्षं धड झोप लागली नाही. विचारणार कुणाला? विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागणार.

आणि यंदा गावात एक संगीत नाटक मंडळी आली. वरच्या वाडीतल्या लोकांना उजेडी घरी परतता यावं, म्हणून खेळ दुपारीच ठेवला होता. देवळापुढचं पटांगण माणसांनी फुलून गेलं. आणि नाटक कशावर? तर याच गावावर! तीच दरड, तोच पाऊस, तेच उंबऱ्यापुढचे तांब्ये.

"अगं बाई, ती बघ मी!" कुंभाराची कोंडाबाई शेजारणीला ढोसून ढोसून सांगत होती. नाटकातल्या पाटलाच्या मिशा बघून खऱ्या पाटलांनी आपल्या मिशीवरून दोनदा हात फिरवला. येसाक्कासुद्धा पोट धरून हसली.

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. समोर एक बंद दार होतं, शेजारी मातीची भिंत. भिंतीला पाठ लावून एक बाई बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. ती गाऊ लागली:

*भिंतीपल्याड कोण गं, नाही पाहिली माउली,*
*तिच्या भट्टीच्या उबेनं माझी तान्ही जगविली.*

"वन्समोअर!" पटांगण ओरडलं. बाईनं पुन्हा म्हटलं. "वन्समोअर!" बाईनं तिसऱ्यांदा म्हटलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, बाप्ये उगाच खाकरत होते. येसाक्काचा जीव भांड्यात पडला. जगली गं बाई, जगली! पण त्याच वेळी लाजेनं तिची मान वर होईना. देवा, आता चौथ्यांदा नको, असं ती मनातल्या मनात म्हणत होती.

खेळ संपला. गाणारी बाई आठ वर्षांच्या एका मुलीचा हात धरून पुढं आली. "गाववाल्यांनो, ती लेकुरवाळी मीच. ही माझी लेक. त्या भिंतीच्या मालकिणीला आम्हाला शाल-नारळ द्यायचा आहे."

पाटील टुणकन उठले. "ही काय, आमची येसाक्का! मी सांगत नव्हतो, एक घर मागं राहिलं नाही?"

लोकांनी तिला हाताला धरून वर चढवलं. शाल उलगडली गेली. सोपं होतं हो! मान खाली घालायची, शाल घ्यायची, खाली उतरायचं. सात वर्षं गप्प राहिलेल्या बाईला आणखी घटकाभर गप्प राहणं काय जड? पण ती पोर टकामका बघत म्हणाली, "आजी, तूच का गं ती?"

येसाक्कानं शाल हातानं बाजूला सारली.

"मी नाही गं ती," ती म्हणाली. "तुझी आई दार वाजवत होती. मी जागी होते. मला ऐकू येत होतं. मी दार उघडलं नाही. भट्टी मी माझ्यासाठी पेटवली होती."

पाटलांचा चेहरा उतरला. "येसाक्का! अगं, गावाची लाज घालवलीस!"

तेवढ्यात कोंडाबाई उभी राहिली. "पाटील, मग माझंही ऐका. मी नवी गोधडी पेटीत लपवली आणि पाहुण्यांना फाटकी दिली." मागून कुणीतरी ओरडलं, "आम्ही दुधात पाणी घातलं होतं!" पाटलांनी इकडं तिकडं पाहिलं, मिशीवर हात नेला आणि तसाच खाली घेतला. "आमच्या माडीवर," ते पुटपुटले, "अजून दहाजण मावले असते."

गाणारी बाई येसाक्काजवळ गेली. "मला ठाऊक होतं, आक्का. कडी तीनदा वाजली होती. तीनदा मला वाटलं, आता उघडेल. राग आला होता, खूप आला होता. पण पोर उबेला निजली, आणि माझा राग टिकला नाही."

येसाक्का तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

मंडळी त्या दिवशी गावातच मुक्कामाला होती. येसाक्का घरी गेली. फळीवरचा नवऱ्याचा तांब्या काढला, चिंच लावून खसाखसा घासला, पाण्यानं भरला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. दार सताड उघडं टाकलं.

मायलेकी आल्या. पोरीनं आधी पडवीतून भिंतीला हात लावून पाहिला, आत येऊन मूठभर फुटाणे मटकावले, मग भट्टीजवळच्या भिंतीला पाठ टेकली.

"आई," ती म्हणाली, "भिंत इकडून जास्त गरम आहे गं."

तात्पर्य: न केलेल्या उपकाराची शाल अंगावर घेऊ नये. खरं सांगून टाकावं, आणि दार उघडायला उशीर झाला असला तरी उघडावं.