कबुतराच्या आधी उज्जैन

"बारा दिवस! उज्जैनहून यायला बारा दिवस! अरे, मुंगीसुद्धा लाजेल!" रत्नापूरचा राजा गजसेन कडाडला.

समोर त्याचा हरकारा रखमाजी धापा टाकत उभा होता. उज्जैनला दिलेल्या राजकन्येला मुलगा झाला, ही बातमी घेऊन तो एकशे साठ कोस धावत आला होता. पण तो निघाला त्याच दिवशी तिथून सोडलेलं राजाचं लाडकं कबुतर दिवस मावळायच्या आत वाड्यावर हजर झालं होतं, पायाला चिठ्ठीसकट! नगरात वाटलेली साखर लोकांना केव्हाच पचली होती.

"महाराज, कबुतर सरळ उडतं. मला घाट चढावे लागतात, नर्मदेवर नावेची वाट बघावी लागते."

"सबबी नकोत! आता नातवाला आशीर्वादाचं पत्र जाईल. कबुतराच्या आधी उज्जैन गाठ. नाहीतर ही घुंगरांची काठी इथे ठेव आणि घरी बस!"

आजोबांपासून चालत आलेली काठी ती! रखमाजीचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याची भाकरी घेऊन आलेली त्याची लेक ठकू पुढे झाली.

"कबूल, महाराज! बाबा कबुतराला हरवतील. अट एकच. दोघांनी एकाच वेळी, याच अंगणातून निघायचं."

"एवढंच ना?" राजाने मिशीला पीळ दिला.

"पोरी, काय करून बसलीस हे!" रखमाजी कुजबुजला.

"तुम्ही भाकरी बांधून घ्या, बाबा, आणि सरळ चालू लागा."

सकाळी नगारा झडला. रखमाजी घुंगरं वाजवत वेशीकडे पळाला. कबुतर भुर्रकन उडालं आणि वाड्याभोवती दोन घिरट्या घालून गच्चीवरच्या आपल्या ढाबळीत जाऊन दाणे टिपू लागलं!

"हुश! हुश! अरे, उज्जैन तिकडे!" राजा ओरडला. तीन दिवस तो स्वतः गच्चीवर उभा राहून पागोटं हलवत होता. कबुतर तेवढं लठ्ठ झालं.

चौथ्या दिवशी राजाने ठकूला गच्चीवर बोलावलं. "याला झालंय तरी काय?"

"काही नाही, महाराज. त्याला फक्त आपल्या घराची वाट कळते. उज्जैनला त्याचं कोण बसलंय?"

"मग मागच्या खेपेला ते तिथे गेलं कसं?"

"राणीसाहेबांनी टोपलीत घालून पाठवलं होतं. लेकीची खुशाली लवकर कळावी म्हणून."

राजाने शेजारी उभ्या राणीकडे पाहिलं. राणी पदराआड हसत होती.

"बरं बाई, हरलो! पण हे एकदा सांग, कबुतराला उज्जैनचा प्रवास करायला वेळ लागतो तरी किती?"

"यायला एक दिवस, महाराज. आणि जायला बारा, माझ्या बाबांच्या डोक्यावर बसून!"

राजा इतका हसला की हातातलं पागोटं थेट अंगणात पडलं. त्याने ढाबळीचा सगळा कारभार तिथल्या तिथे ठकूकडे सोपवला. आणि रखमाजी उज्जैनहून परतला, तेव्हा वेशीवर त्याच्यासाठी चांदीच्या घुंगरांची काठी आणि खोगीर घातलेला घोडा उभा होता. खोगिराला एक टोपलीही बांधलेली होती!