भिंतीवरची शिंगं

डोंगरांच्या पल्याड कुठेतरी एक राज्य होतं, आणि तिथल्या राजाला 'का?' विचारायची भारी खोड होती. भाकरी का फुगते? बेडूक पावसाआधीच का ओरडतो? प्रधानजींची मिशी उजवीकडेच का वळते? उत्तर मिळेपर्यंत राजाच्या घशाखाली घास उतरत नसे. दरबारी मंडळी अगदी मेटाकुटीला यायची.

त्या राज्यात एक राखीव रान होतं आणि रानात चितळांचा मोठा कळप होता. दसऱ्याच्या सकाळी राजाने पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसायचं आणि कळपातला सर्वांत मोठ्या शिंगांचा नर टिपायचा, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. मादीला कुणी हात लावायचा नाही. टिपलेल्या नराची शिंगं दिवाणखान्याच्या भिंतीवर ओळीने लागायची.

एका दसऱ्याला नवी जोडी भिंतीवर चढली आणि राजा तिच्यासमोर खिळून उभा राहिला. भिंतीच्या एका टोकाला पणजोबांच्या वेळची शिंगं होती, चांगली दोन हात लांब आणि मनगटाएवढी जाड. पुढे आजोबांची, मग वडिलांची. जसजसं पुढे यावं तसतशी शिंगं आटत गेली होती. आजची जोडी तर पागोटं अडकवायलाही पुरली नसती.

"ही लहान का होत चालली?" राजाने विचारलं.

"काळच वाईट आलाय, महाराज," प्रधान म्हणाला.

"शनीची वक्रदृष्टी," ज्योतिषी म्हणाला.

सेनापतीने नुसतीच मान हलवली. त्याला दोन्ही उत्तरं पटली होती.

राजाला एकही पटलं नाही. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रधानाला घेऊन थेट रानात गेला. तिथे एक राखणदारीण झोपडी बांधून राहायची. तिच्या बापानेही हेच रान राखलं होतं. तिचा जन्म त्याच झोपडीतला. बाई कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ.

राजाचा प्रश्न ऐकून ती आत गेली आणि शिंगांच्या दोन जोड्या घेऊन आली. एक बोटभर लांबीची, दुसरी तिच्या दुप्पट.

"ही कुणाची, म्हाराज?"

"दोन चितळांची."

"एकाच चितळाची. बैलासारखं न्हाई त्याचं. चितळाची शिंगं वर्साला गळून पडत्यात, नवी फुटत्यात, आन्‌ अंग भरेस्तवर दर वर्साला आदल्यापेक्षा थोरली येत्यात. ही मी रानातनं येचलेली. कान फाटलेला नर हुता तो, कानतुट्या म्हनायची मी त्याला."

राजाचे डोळे चमकले. "मग तिसऱ्या वर्षीची जोडी कुठे आहे?"

"तुमच्या भिंतीवर. कालच चढवली."

राजाचा चेहरा पडला. त्याला कालचा तो फाटका कान आठवला आणि मनापासून वाईट वाटलं.

राखणदारीण काही थांबणारी नव्हती. "थोरल्या शिंगांचा म्हनून तुमी दर साली कळपातला सगळ्यात चांगला पोरगा उचलता. पुरा वाढायला कुनी उरतच न्हाई. माद्या राखता, त्या झाल्यात उदंड. गवत बोटभर वर येत न्हाई. नराच्या अंगाला लागायचं काय?"

"मग उपाय काय?"

"पाच दसरे माज्या हाती द्या. मी दावीन तोच नर टिपायचा. न्हाई दावला, तर हात हालवत माघारी जायचं. आन्‌ सणाच्या जेवनाला पाडसाबिगरच्या माद्या घ्यायच्या, मोजक्या."

प्रधान कडाडला, "मादी मारायची? रिवाज मोडायचा? आणि पाच वर्षांत पणजोबामहाराजांच्या तोडीची शिंगं रानात दिसली नाहीत तर?"

"तर मी रान सोडून जाईन," राखणदारीण म्हणाली. त्या रानाबाहेर तिचं कुणी नव्हतं.

राजाने तिचं म्हणणं मान्य केलं.

पहिल्या दसऱ्याला माद्या पडल्या तेव्हा राजा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या वर्षी गवत गुडघ्याला लागलं, पण भिंतीवर नवी जोडी काही चढली नाही. लोक कुजबुजू लागले, की राजा राखणदारणीच्या तालावर नाचतो.

तिसऱ्या दसऱ्याला पाणवठ्यावर एक देखणा नर आला. जिवंत नराच्या डोक्यावर एवढी शिंगं राजाने जन्मात पाहिली नव्हती. प्रधान कानाशी लागला, "महाराज, एकाने काय होतंय? टिपा आणि लोकांची तोंडं बंद करा." राजाने धनुष्य ताणलं. त्याचे हात शिवशिवत होते.

"पोरगा हाय अजून," खालून राखणदारीण हळूच म्हणाली.

"कशावरून?" राजाने बाण न सोडताच विचारलं.

"शिंगं बघू नगा, अंग बघा. मान सडपातळ हाय. पोट पाठीला लागलंय, म्हनून पाय लांब दिसत्यात. पुऱ्या नराची मान भरती, पोट खाली उतरतं आन्‌ पाय आखूड दिसत्यात."

राजाने शिंगांवरची नजर काढून खाली पाहिलं. बाई खरं बोलत होती. शिंगांखाली एक लुकडा पोरगा उभा होता. राजाने धनुष्य उतरवलं. गावात त्याची फार टिंगल झाली आणि चौथ्या दसऱ्याला तर मचाणाखाली बघेही जमले नाहीत.

पाचव्या दसऱ्याला राखणदारणीने आपलं बोचकं बांधूनच ठेवलं होतं. ऊन वर आलं. माद्या पाणी पिऊन गेल्या. प्रधान जांभई देणार तोच झुडपं हलली आणि एक नर बाहेर आला. मान रुंद, पोट उतरलेलं, चाल संथ, आणि डोक्यावर पणजोबांच्या शिंगांनाही मागे टाकणारी शिंगं.

"हा तोच का, तिसऱ्या दसऱ्याचा पोरगा?" राजाने विचारलं.

"तोच. पुरा झाला आता. टिपा, म्हाराज." बाईचे डोळे भरून आले होते.

राजाने धनुष्य ताणलं. आणि राजाची खोड उफाळून आली.

"बाई, हा राहिला तर पुढच्या वर्षी याची शिंगं केवढी होतील?"

राखणदारणीने नराला पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाली, "ठावं न्हाई, म्हाराज. वाढतील, का आता उतरतील, कुनाला ठावं? माज्या बापानंबी एवढा जुना नर बगितला नव्हता. कुनी कवा जगूच दिला न्हाई."

राजाने बाण काढून भात्यात ठेवला.

"पण महाराज, भिंतीवर काय लावायचं?" प्रधान हवालदिल झाला.

"भिंतीचं नंतर बघू," राजा म्हणाला. "बाई, ते बोचकं सोडा. पुढच्या दसऱ्याला मला उत्तर हवंय आणि ते तुमच्याशिवाय कुणी देऊ शकणार नाही."

तात्पर्य: जे चांगलं दिसेल ते लगेच खुडत गेलं, की ते पुरं वाढल्यावर किती चांगलं झालं असतं, हे कुणालाच कळत नाही.