देवकुळेसाहेबांची उलटी सायकल

बाजार समितीचे अध्यक्ष देवकुळेसाहेब रोज सकाळी व्यायामासाठी सायकल चालवत, आणि तीही रस्त्याच्या उलट्या बाजूने. कोणी टोकलं की म्हणत, "समोरून येणारं सगळं दिसतं. माझ्याइतका सावध कोण?"

भोगीच्या आदल्या दिवशी भामाबाई कुंभारीण सुगडांची हातगाडी ढकलत बोळातून निघाली. वाहनं येतात त्या उजव्या बाजूला तिने नीट पाहिलं, पण साहेब येऊन धडकले डावीकडून. निम्मी सुगडं फुटली आणि साहेबांचा गुडघाही फुटला.

"हिला उद्या बाजारात बसू देऊ नका!" साहेब चौकातून धावत आलेल्या हवालदारावर गरजले.

सुगडांचा बाजार वर्षातून एकदाच. भामाबाईने हात जोडले. "सायेब, माझी गाडी तुमास्नी दिसली हुती का?"

"म्हणजे काय! लांबूनच दिसली."

"मंग थांबला का न्हाई?"

साहेब गडबडले. "अगं, दिसली असती तर थांबलो नसतो का?"

"मंग समोरचं समदं कुठं दिसतंय, सायेब?"

हवालदाराने मिशीत हसत साहेबांची सायकल उचलली आणि तिचं तोंड फिरवून त्यांच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी भामाबाई बाजारात आपल्या जागेवर बसली. पहिलं गिऱ्हाईक देवकुळेकाकू. म्हणाल्या, "पाच सुगडं जास्तच दे गं. चाळीस वर्षांत ह्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहिलं!"